पाचव्या विहिरीचा देणगीदार

माझ्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला एक पांढरट, चकचकीत वण आहे, साधारण चिंचोक्याएवढा. लग्नाकार्यात जेवणं उरकली, माणसं पान लावत बसली, की कुणीतरी हमखास म्हणतं, “अहो, तो वण दाखवा ना.” मी आढेवेढे घेतो. त्याशिवाय कुठल्याही चांगल्या प्रयोगाला रंग चढत नाही. मग पायजमा वर सरकवतो आणि जाहीर करतो, “जीवशास्त्राच्या संशोधनाला मी दिलेला आश्रय तो हा.” लोक हसतात. मीही हसतो. पंगतीत मी ही गोष्ट एका ठरावीक जागी थांबवतो. इथे थांबणार नाही.

साल पन्नास ते साठच्या मधलं कुठलं तरी. आम्ही तिघं पुण्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकत होतो. मी चिंचवडचा, स्टेशनजवळ राहणारा, रोज आगगाडीने जाऊन-येऊन करणारा. दुसरा पुण्याचाच, जाड भिंगांचा चष्मेवाला. त्याचं अक्षर इतकं देखणं की आमच्या प्राध्यापकांनी मुलीच्या लग्नाची पाकिटं त्याच्याकडून लिहून घेतली होती. तिसरा चाकणच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून गाडीवाटेने आत गेलं की लागणाऱ्या एका गावचा. त्याला आम्ही म्होरक्या म्हणायचो, कारण हे सगळं त्याच्या डोक्यातून निघालं.

म्होरक्याच्या गावात नारू होता. ज्यांनी पाहिला नाही ते भाग्यवान. नारू म्हणजे शेवयीसारखा पांढरा, हातभर लांब किडा. तो माणसाच्या अंगात वर्षभर बिनभाड्याने राहतो आणि उन्हाळ्यात पायाला फोड आणून बाहेर डोकावतो. मग त्याचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर ओढून घ्यायचं. घाई केली आणि तो आत तुटला, तर पाय सुजून ढोल होतो. म्होरक्याच्या थोरल्या भावाचा असाच तुटला. पेरणी तोंडावर आली होती, काडी धरून बसायला त्याला वेळ नव्हता, वैतागून त्याने एक हिसडा दिला. गुडघा आखडला तो कायमचा. तेव्हापासून तो नांगराच्या मागे न चालता बांधावर बसून बैलांना शिव्या देत असे. मी हे गमतीने लिहितोय खरं, पण त्या शिव्या ऐकताना कुणी हसत नसे.

हे होतं कसं, ते आमच्या पुस्तकात दिलेलं होतं. फोड आलेला पाय पाण्यात बुडाला की नारू आपली पिल्लं सोडतो. सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम ठिपक्यासारखा दिसणारा जीव ती पिल्लं गिळतो, आणि पाण्याबरोबर माणूस त्या जिवाला गिळतो. रहाटाने पाणी ओढायच्या विहिरीत हे चालत नाही, कारण तिथे पाण्याला पाय लागत नाही. पायऱ्यांनी आत उतरायच्या बारवेत मात्र बिनबोभाट चालतं. म्होरक्याच्या गावात पाच पाणवठे होते. चार रहाटाच्या विहिरी, पाचवी बारव. चारांचं पाणी मचूळ, बारवेचं गोड. त्यामुळे गाव पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभं राहून घागरी भरायचं. भावाचा पाय गेल्यावर घरची घागर धाकट्या बहिणीकडे आली होती.

म्होरक्याला एवढंच हवं होतं. तिच्या पायाला फोड यायच्या आत बारवेच्या पायऱ्या बंद व्हाव्यात आणि वर रहाट बसावा.

“तोंडानं सांगून कोन ऐकत न्हाई,” तो म्हणायचा. “डोळ्यानं दावाय पायजे. ह्यो बगा किडा, ही बगा त्याची पिलं, आन ही बगा तुमची बारव.”

दाखवायला सूक्ष्मदर्शक पाहिजे. प्राध्यापकांना विषय फार आवडला. त्यांनी आमच्या पाठी थोपटल्या आणि सांगितलं की कॉलेजचा सूक्ष्मदर्शक कॉलेजबाहेर जाणार नाही आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळा उघडणार नाही. नारू नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत निघायचा. त्याने कॉलेजचं वेळापत्रक पाहिलेलं नव्हतं. सुट्टीआधी आम्ही एकदा बारवेचं पाणी बाटल्यांत भरून आगगाडीने नेलंही, पण पुणे येईपर्यंत बाटल्यांतले सगळे जीव उकडून तळाशी बसले होते.

पुण्याच्या लष्कर भागात जुन्या सामानाच्या एका दुकानात आम्हाला पितळी सूक्ष्मदर्शक दिसला. साहेब लोक मायदेशी जाताना जे टाकून गेले त्यातला. दुकानदार तो आमच्यासाठी पाडव्यापर्यंत बाजूला ठेवायला कबूल झाला. आता देणगीदार पाहिजे होता, आणि देणगीदार गाठायचं काम एकमताने माझ्याकडे आलं. कारण मी स्नेहसंमेलनाच्या नाटकात राजाचं काम केलं होतं. राजाने भीक कशी मागायची असते हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण आवाज होता आणि हातवारे होते.

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने नुकते उगवू लागले होते. त्यातल्या एका रंगाच्या कारखान्याच्या साहेबासमोर मी उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि नारूने लुळ्या पडणाऱ्या कामगारांचं असं चित्र उभं केलं की म्होरक्याचेच डोळे भरून आले. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं.

“हा किडा मशीनमध्ये जातो का?” त्याने विचारलं.

“नाही साहेब, माणसात जातो.”

“मग माझ्या खात्यात येत नाही.”

निघताना त्याने आम्हाला कारखान्याचं एक कॅलेंडर दिलं. गेल्या वर्षाचं.

खेडला, म्हणजे आता ज्याला राजगुरुनगर म्हणतात तिथे, तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाने आम्हाला खुर्च्या दिल्या. एवढा मान आम्हाला कुठेच मिळाला नव्हता.

“कुठल्या विहिरीत रोग आहे ते सिद्ध करा, लगेच मंजुरी,” तो म्हणाला.

“सिद्ध करायलाच यंत्र पाहिजे.”

“यंत्राला मंजुरी लागेल.”

“मग काय करायचं?”

“अर्ज करा,” कारकून अगदी मायेने म्हणाला.

तिसरा माणूस पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतला कापडवाला. फाळणीत सगळं मागे टाकून आलेला, आता पत्र्याच्या दुकानात तागे लावून बसलेला. माझं भाषण अर्ध्यावर आलं तेव्हा त्याने हात वर केला.

“बस, बेटा. हमारे उधर भी था ये नारू. मेरी माँ कपड़े से पानी छानती थी.” आणि त्याने एका ताग्यातून दोन वार मलमल टर्रकन फाडली, घडी केली आणि माझ्या हातात ठेवली. “ये लो. पैसा मेरे पास नहीं है.”

बाहेर आल्यावर आम्ही पोट धरून हसलो. सूक्ष्मदर्शक मागायला गेलो आणि फडकं घेऊन आलो! पाणी गाळून प्यावं हे आमच्या पुस्तकातही होतं, पण त्याला कुणी संशोधन म्हणत नाही. चष्मेवाला म्हणाला, “यंत्र मिळालं तर गुंडाळायला होईल.” ती मलमल त्यासाठी ठेवली.

पाडवा आठवड्यावर आला तेव्हा म्होरक्या म्हणाला, “आता आबाच.”

आबा म्हणजे म्होरक्याच्या गावातलं सगळ्यात मोठं घर. बारव त्यांची. त्यांच्या आज्याने खणलेली. त्या घराची एक रीत होती. घरातलं माणूस गेलं, किंवा घराने मोठा दानधर्म केला, की उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर तळाचा खडक फोडून बारवेला एक नवी पायरी बसवायची आणि तिच्यावर अक्षरं कोरायची. त्यामुळे बारवेत उतरणं म्हणजे आबांच्या तीन पिढ्या वाचत उतरणं.

“अरे, ज्याची बारव बंद करायची त्याच्याकडेच पैसे मागायचे?” चष्मेवाल्याने विचारलं.

“त्याच्याच डोळ्यानं किडा बगू दे,” म्होरक्या म्हणाला. “मानूस चांगला हाय. सोता बगितलं तर सोताच बंद करंल.”

आम्ही चिंचवडहून सायकली घेतल्या आणि मोशीवरून चाकणच्या रस्त्याला लागलो. आबा ओट्यावर बसले होते. पांढरा फेटा, मिशा पांढऱ्या, आवाज हळू. मी राजा झालो, वैद्य झालो, बांधावर बसलेला लुळा भाऊ झालो. बारवेचं नाव मात्र तोंडातून निघू दिलं नाही. “गावातल्या पाच पाणवठ्यांचा अभ्यास,” एवढंच म्हणालो. आबांनी सगळं ऐकलं.

“ह्ये यंत्र तालुक्यात कुणाकडं हाय का?”

“नाही, आबा.”

“जिल्ह्यात?”

“कॉलेजात आहेत.”

“कॉलेज सोडून बोल.”

“मग नाही.”

आबांनी मिशीवरून हात फिरवला. गेल्या जत्रेत पलीकडच्या आळीतल्या एकाने देवळाला कर्णा दिला होता आणि वर्षभर आबांना झोप नव्हती, हे म्होरक्याने मला वाटेत सांगून ठेवलेलं होतं.

“देतो,” आबा म्हणाले. “पन औंदाच्या जत्रंला, कुस्त्यांच्या फडात, समद्यांम्होरं नाव पुकारायचं. आन तुमी काय शोधलं त्ये बी तितंच वाचायचं.”

मी वाकून नमस्कार केला. इतका वाकलो की पडदा पडल्यासारखं वाटलं.

तो उन्हाळा आमच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता. सूक्ष्मदर्शक आबांच्या ओट्यावरच मांडला होता, कारण तो आबांचा होता आणि तो आबांचा आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणं जरूर होतं. सकाळी म्होरक्या पाचही ठिकाणचं पाणी आणायचा, मी आरसा उन्हाकडे वळवून प्रकाश धरायचो, चष्मेवाला दिसेल ते वहीत काढायचा. चार विहिरींच्या पाण्यात काही नाही. पाचव्या पाण्यात एके दिवशी आम्हाला तो सायक्लॉप्स दिसला, आणि त्याच्या काचेसारख्या पोटात वेटोळं करून वळवळणारं एक पिल्लू. म्होरक्याने डोळा लावला तो किती तरी वेळ काढलाच नाही. भावाचा गुडघा खाणारा चोर त्याला प्रथमच समोर दिसत होता.

आबांना बोलावलं. त्यांना आधी स्वतःच्या पापण्या दिसल्या आणि ते म्हणाले, “केसाळ हाय.” मग मी त्यांची मान नीट धरली. आबा नळीवर आणखी वाकले. वळवळ दिसली असणार.

डोळा न काढता त्यांनी विचारलं, “ह्ये पानी कंच्या हिरीचं?”

म्होरक्याने तोंड उघडलं. मी त्याच्या आधी बोललो.

“गावातलंच आहे, आबा. अजून अभ्यास चालू आहे.”

का बोललो? यंत्र जाईल म्हणून. काम अर्ध्यात राहील म्हणून. आणि खरं सांगायचं तर, समोर बसलेल्या प्रेक्षकाचा चेहरा पडू द्यायचा नाही ही माझी जुनी खोड म्हणून. आबांनी मान हलवली आणि ते आत गेले.

म्होरक्या बराच वेळ काचेची पट्टी पुसत बसला. मग म्हणाला, “त्यानं इचारलं हुतं, लेका. एकदाच इचारलं हुतं.”

वैशाखात जत्रा भरली. दुपारची वेळ, फडात लाल माती, कडेने माणसांची दाटी, बायका पलीकडच्या बांधावर. त्या गावात जत्रेला पुकारा करायची पद्धत होती. एक जुना पैलवान हातात काठी घेऊन मध्ये उभा राहायचा आणि प्रत्येक वस्तू देणाऱ्याच्या नावाने ओरडून सांगायचा. त्यामागे हलगी तडतडायची. नारळ फुटला की “आबांचा नारळ!” हलगी. कुस्तीला इनाम लागलं की “आबांची कुस्ती!” हलगी. हे तो वर्षानुवर्षं करत आला होता. डोकं त्यात लागत नव्हतं, घसा लागत होता.

कुस्त्या मधेच थांबवून मला मातीत उभं केलं. यंत्र उघडं मांडलेलं, त्याची मलमल माझ्या खांद्यावर. हातात चष्मेवाल्याच्या अक्षरातला अहवाल. खरं तेच लिहायचं हे म्होरक्याने बजावलं होतं, आणि आम्ही तेच लिहिलं होतं. वाचन माझ्या हातात होतं. माझा बेत असा की शेवटचं पान इतक्या जड मराठीत, इतक्या भरधाव वाचायचं की कुणाला काही कळू नये. नंतर ओट्यावर बसून आबांना एकट्याला सगळं नीट सांगायचं.

“आबांचं यंत्र!” पैलवान गरजला. हलगी वाजली. टाळ्या पडल्या. आबा पुढच्या ओळीत घोंगडीवर बसले होते, मांडीवर नारळ, चेहऱ्यावर हसू.

मी वाचायला लागलो. माझा आवाज त्या दिवशी असा लागला होता म्हणता! पहिली विहीर शुद्ध. “आबांचा अभ्यास!” हलगी. दुसरी शुद्ध, तिसरी शुद्ध, चौथी शुद्ध. आणि मग मी सुसाट सुटलो, “पंचम जलाशयातील सूक्ष्म जीवांच्या उदरात सदर कृमीची बाल्यावस्था आढळून आली असून सोपानमार्गाचा त्याग करणे इष्ट” आणि कागद मिटला.

मग बांधावरून एक म्हातारी ओरडली, “आरं पर पाचवी कंची?”

“व्हय, पाचवी कंची?” दुसरीकडून.

“सांग की मुडद्या, कुटलं पानी पिऊ नगं त्ये!”

मी आयुष्यात पहिल्यांदा संवाद विसरलो. सगळा फड माझ्याकडे बघत होता. आणि मातीच्या कडेला उभा असलेला म्होरक्या, ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाला, “बारव.”

पैलवानाचा यात काही दोष नाही. त्याच्या कानावर शब्द पडला आणि घशाने आपलं काम केलं.

“आबांची बारव!” हलगी तडतडली. “आबांचा नारू!” हलगी पुन्हा तडतडली.

सगळा फड हसला. पैलवान हसले, पंच हसले, बांधावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पलीकडच्या आळीतला कर्णेवाला तर मांडीवर थापा मारून हसला.

पंगतीत मी इथे थांबतो.

आबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी मांडीवरचा नारळ खाली ठेवला, उठले, फेटा सावरला आणि बारवेकडे चालू लागले. लोकांचं हसू त्यांच्या पावलांबरोबर विरत गेलं. सगळी जत्रा त्यांच्या मागून निघाली. आबा पायऱ्या उतरले. आज्याची पायरी, आजीची, बापाची, लहानपणी गेलेल्या भावाची. शेवटच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात उभे राहिले, तांब्या बुडवला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायले.

“दुस्काळात चार गावं पाजली हिनं,” ते म्हणाले. आवाज हळूच होता, पण बारवेच्या भिंतींनी तो वर आणला. “तवा कुनी इचारलं न्हाई पाचवी कंची त्ये.”

मग त्यांनी तांब्या पुन्हा भरला आणि वर बघून म्होरक्याच्या वडिलांना हाक मारली. वडील खाली उतरले. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही. ते प्यायले. त्यांच्या मागून भाऊबंद, शेजारी, पैलवान, हलगीवाला. मघाशी ओरडलेली म्हातारीसुद्धा नातीच्या खांद्यावर हात ठेवून उतरली. आबांची लाज राखायला गाव रांगेने बारवेत उतरत होतं. त्या रांगेत मी एक माणूस पाहिला, त्याच्या पायाला फडकं बांधलेलं, फडक्यातून काडी बाहेर आलेली. तो त्या काडीसकट पाण्यात उभा राहिला आणि मोठ्या प्रेमाने आबांच्या हातून पाणी प्यायला. म्होरक्याचा भाऊ पायऱ्या उतरू शकत नव्हता, तर लोकांनी त्याला उचलून नेलं. बहीण तिथेच घागर भरून सगळ्यांना ओतून देत होती.

एका वर्षात त्या बारवेचं जेवढं पाणी प्यायलं गेलं नसेल तेवढं त्या दुपारी प्यायलं गेलं, आणि ते आमच्या संशोधनामुळे.

आबांनी म्होरक्याला तांब्या दिला. त्याने मान हलवली. “न्हाई, आबा.” एवढंच. गावातलं एकटं माणूस, जे प्यायलं नाही.

मग आबा माझ्याकडे वळले. “घे रं, वाचनाऱ्या.”

माझ्या खांद्यावर ती दोन वार मलमल होती. तांब्याच्या तोंडावर धरली असती तरी झालं असतं. मला सायक्लॉप्स ठाऊक होता, त्याच्या पोटातलं वेटोळंसुद्धा मी पाहिलं होतं. पण शेकडो माणसं वरून बघत होती, आणि त्यांच्यासमोर पाणी गाळून पिणं म्हणजे आबांच्या तोंडावर थुंकणं होतं. मी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. असा गजर झाला म्हणता! इतक्या टाळ्या मला आयुष्यात पुन्हा कधी मिळाल्या नाहीत. वर पाहिलं तेव्हा म्होरक्या तिथे नव्हता.

अहवाल फडातच पडून राहिला. त्या देखण्या अक्षरातली पानं पुढे भज्यांच्या गाड्यावर दिसली असं चष्मेवाल्याने सांगितलं. प्राध्यापकांनी आमचं ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी बेडकांवर काम करा, बेडूक कुणाच्या मालकीचा नसतो, असं सुचवलं. सूक्ष्मदर्शक आबांकडेच राहिला. काचेच्या कपाटात. पाव्हणे आले की आबा त्यांना त्यातून साखरेचा दाणा दाखवायचे. म्होरक्याने कॉलेज सोडलं. गावात त्याच्याशी कुणी भांडलं नाही, पण त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायलं नाही. वडिलांनी एकदाच विचारलं, “तुला आमच्यापरीस जास्त कळतं का?” त्यावर त्याने पिंपरीच्या त्या रंगाच्या कारखान्यात नोकरी धरली आणि चिंचवडात खोली घेतली.

पुढच्या चैत्रात माझ्या डाव्या घोट्याला आतून खाज सुटली, मग आग, मग फोड. चौथ्या दिवशी फोड फुटला आणि माझा पाहुणा बाहेर डोकावला. आईने काडी कोरून दिली. मी खाटेवर बसून रोज बोटभर गुंडाळत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या अंगावर काटा येईल असं वर्णन ऐकवत असे.

म्होरक्या सुट्टीच्या दिवशी भेटायला आला. बोटांच्या पेरांत निळा रंग बसलेला, धुऊन न जाणारा. त्याने माझा पाय मांडीवर घेतला, फडकं सोडलं, काडी धरली आणि अर्धा वेढा दिला. त्याचा हात या कामात माझ्यापेक्षा कितीतरी हलका होता.

“घाई करू नगं,” तो म्हणाला.

“गावाकडे काय म्हणतात?”

“लई निघालं औंदा. पैलवानाला निघाला. म्हातारीला निघाला. आबांना दोन.” त्याने काडी सरळ केली. “बहिनीला बी. हितंच, घोट्याला. आबांनी वैदू धाडला तिच्यासाठी, सोता काठी टेकत आलं बगाया. मानूस चांगला हाय.”

मी काही तरी विनोद करणार होतो. झाला नाही.

“बारव?”

“एक पायरी वाढली.”

“काय?”

“मागल्या जेठात बसवली. यंत्राचं दान झालं न्हवं का? कोरलंय, विद्यार्थ्यांस यंत्र दिले.” तो फडकं पुन्हा पायाला गुंडाळू लागला. “समद्यांत खालची हाय. बाया म्हनत्यात बरं झालं, घागर भराया लांब वाकाया लागत न्हाई.”

गुंडाळता गुंडाळता त्याने फडक्याचं टोक बोटांत धरून पाहिलं. पातळ, मऊ, धुऊन धुऊन पिवळट पडलेलं.

“ही तीच व्हय? कापडवाल्याची?”

“तीच. आईने फाडून पट्ट्या केल्या.”

“धाडली असती बहिनीला,” तो म्हणाला. “पानी गाळाया.”

त्याने गाठ मारली, ती आवळ तर झाली नाही ना हे बोट घालून बघितलं, आणि माझा पाय उचलून खाटेवर नीट ठेवला.